तटस्थ

सरकारी सेवेत रुजू झाल्यानंतरची माझी पहिली तीन वर्षे मुख्यतः वर्तमानपत्रे वाचण्यात गेली. हे ऐकून कोणास हेवा वाटण्याचा संभव आहे, म्हणून लगेच सांगून टाकतो की त्या वाचनात आनंद असा नव्हता. १९९७ साली उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात माझी नेमणूक झाली. अर्थशास्त्राची एम.ए. पदवी घेऊन आलेल्या नवख्या अधिकाऱ्याचे नेमके काय करावे, हे तेथील कोणासही ठाऊक नव्हते. तेव्हा सर्वांत कनिष्ठ म्हणून कात्रणांची फाईल माझ्याकडे आली.

सकाळी सात वाजता नऊ वर्तमानपत्रे येत. त्यांतील सात हिंदी, एक उर्दू, एक इंग्रजी. मी लाल पेन्सिलीने खुणा करी, लिपिक कात्रीने कापून डिंकाने कोऱ्या कागदावर चिकटवी आणि प्रत्येक कागदावर वृत्तपत्राचे नाव, दिनांक, पृष्ठ क्रमांक व वर्गवारी लिहिली जाई. वर्गवारीसाठी रबरी शिक्के होते, तीनच. अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ. कोणाला अनुकूल, असा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला तेव्हा बडे बाबू हसले होते. अनुकूल म्हणजे सरकारला, आपल्या खात्याला, आपल्या योजनांना. साडेनऊच्या आत फाईल साहेबांच्या टेबलावर जाई. प्रतिकूल कात्रणांवर त्याच दिवशी खुलासा मागवला जाई, अनुकूल कात्रणे दिल्लीला रवाना होत. तटस्थ कात्रणे कोणीही वाचत नसे. त्यांचे गठ्ठे वर्षाअखेरीस पाठकोरे कागद म्हणून टाचणांसाठी वापरात येत.

आमच्या वसाहतीत दर वर्षी दिवाळीनंतर एक पिंजारी येत असे. तिकडे त्याला धुनिया म्हणतात. खांद्यावर ते लांबलचक धनुष्य, हातात लाकडी मुठळा, आणि तातेवर ठोका पडला की दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा तो टणत्कार. मूळच्या सांगलीच्या माझ्या सौ.ला उत्तरेकडील थंडीचे पहिले धडे याच गृहस्थाने दिले. रजईत कापूस किती शेर घालावा, जुना कापूस किती वेळा पिंजता येतो, हे सारे तो अंगणात बसून समजावून सांगे. वसाहतीतील मुले त्याला चाचा म्हणत, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो. १९९९ च्या हिवाळ्यात चाचा आले नाहीत. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. वय झाले असेल, असे आम्ही धरून चाललो.

जानेवारी २००० च्या अखेरीस ते आले, पण धनुष्याशिवाय. डावा हात गळ्यात बांधलेला होता. शहरापासून काही कोसांवरच्या एका खेड्यात त्यांना अडवले होते, मुले पळवणाऱ्या टोळीतले म्हणून. मारहाण झाली. धनुष्य मोडले. एका म्हाताऱ्या बाईने ओळखले म्हणून जीव वाचला. अडवणाऱ्यांपैकी एकाच्या हातात वर्तमानपत्र होते आणि तो त्यातले वाचून दाखवत होता, एवढे त्यांना आठवत होते. स्वतः त्यांना वाचता येत नव्हते. मी सकाळ-संध्याकाळ अखबार वाचणारा सरकारी मनुष्य आहे हे त्यांना माहीत होते, म्हणून ते माझ्याकडे आले होते. तक्रार करण्यासाठी नव्हे, पैसे मागण्यासाठीही नव्हे. त्यांनी एवढेच विचारले, ''साहब, उसमें मेरा नाम छपा था क्या?''

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात तटस्थांचा गठ्ठा सोडला. शोधायला वेळ लागला नाही. एका स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर नोव्हेंबरात सुमारे दोन आठवडे ओळीने बातम्या आल्या होत्या. पहिली चार ओळींची, शेवटची तीन रकान्यांची. फेरीवाल्यांच्या वेशात बालके पळवणारे फिरत आहेत, असे 'बताया जाता है'. कोण सांगतो, कोणाचे मूल गेले, कोणत्या ठाण्यात नोंद झाली, यांपैकी काहीही नाही. आणि त्या फेरीवाल्यांचे वर्णन काय, तर 'समुदाय विशेष' के लोग. प्रत्येक कात्रणावर तटस्थ हा शिक्का होता आणि त्याखाली माझी आद्याक्षरे होती.

त्या बातम्यांत सरकारचा उल्लेख नव्हता. म्हणून त्या तटस्थ.

नाव छापलेले नव्हते असे मी चाचांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ''तो फिर उन्होंने मुझे पहचाना कैसे?'' मला उत्तर देता आले नाही. आज देता येईल. 'समुदाय विशेष' हा शब्दप्रयोग हिंदी पत्रकारितेत सद्हेतूने आला आहे. दंगलीच्या वार्तांकनात जमातीचे नाव घेऊ नये, म्हणजे भडका वाढणार नाही, असा आपल्याकडचा जुना संकेत आहे आणि मराठीत त्याचेच रूप 'दोन गटांत' असे असते. परंतु संकेत सर्वांना ठाऊक झाला की तो पडदा राहत नाही, त्याचे बोट होते. नाव न घेता बोट दाखवता येते, आणि बोट दाखवणारा कायद्याच्या कक्षेबाहेर सुरक्षित असतो.

मी त्या कात्रणांवर एक सविस्तर टिपण लिहिले. वर्गवारीत चौथा रकाना असावा, त्यात कोणत्याही धर्माच्या, जातीच्या वा जमातीच्या विरोधात संशय वा द्वेष पसरवणारा मजकूर नोंदवावा आणि तो त्याच दिवशी जिल्हा प्रशासनाकडे पाठवावा, असा प्रस्ताव होता. साहेब सज्जन होते. त्यांनी टिपण पूर्ण वाचले हे समासातील खुणांवरून कळत होते. खाली त्यांनी लिहिले की सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे राज्याचे विषय आहेत, सबब 'फाईल करावे'. बाहेरच्या लोकांना हा शेरा कामाचा आरंभ वाटतो. आमच्याकडे तो अंत्यविधी असतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे साहेबांचे म्हणणे तंतोतंत बरोबर होते, आणि तेव्हापासून तंतोतंत बरोबर असलेल्या शेऱ्यांविषयी माझ्या मनात एक अढी बसली आहे.

दुसरा मार्ग प्रेस कौन्सिलचा होता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या प्रेस कमिशनने १९५४ साली अशा संस्थेची शिफारस केली, १९६६ मध्ये ती स्थापन झाली, आणीबाणीत विसर्जित झाली आणि १९७८ च्या कायद्यान्वये १९७९ साली पुन्हा उभी राहिली. कौन्सिल वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. अयोध्येच्या प्रश्नावरील १९९० मधील वार्तांकनाबद्दल चार हिंदी दैनिकांवर तिने १९९१ मध्ये ठपका ठेवला होता, हे मी तेव्हा कौन्सिलच्या प्रकाशनांतून वाचले. मात्र तक्रारदाराने आधी संपादकाला लिहावे लागते, आणि दैनिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांत दाखल व्हावी लागते. चाचा माझ्याकडे आले तेव्हा ते दोन महिने उलटून गेले होते. ज्याला वाचता येत नाही त्याला आपल्याविषयी काय छापले आहे हे कळण्यास दोन महिने पुरत नाहीत, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. वाचता येणारा मी होतो आणि माझ्याकडे ते कात्रण छापल्याच्या दिवशी सकाळी सात वाजता आले होते.

या गोष्टीचा मागे जाऊन शोध घेण्याची संधी मला पुढे दिल्लीतील नेमणुकीत मिळाली. राष्ट्रीय अभिलेखागारात देशी वृत्तपत्रांवरील अहवालांचे खंड आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात ओरिएंटल ट्रान्सलेटर या पदावरील अधिकाऱ्याच्या कार्यालयातून मराठी, गुजराती, उर्दू, कानडी, सिंधी पत्रांतील मजकुराचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला सरकारला सादर होत असे. आपल्या वृत्तपत्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने हे खंड अमोल आहेत, कारण ज्या पत्रांचा आज एक अंकही उपलब्ध नाही त्यांचा काही अंश तेथेच काय तो उरला आहे. पण ते वाचताना मला वारंवार आमचे तीन शिक्के आठवत होते. जमिनीचा सारा, दुष्काळ, प्लेगचे उपाय, नगरपालिका यांविषयी देशी लोक सरकारबद्दल काय म्हणतात, याची ती नोंद. जमातींच्या तंट्याविषयीचा मजकूर येतो, पण बहुधा राज्यकर्त्यास त्याचा उपद्रव किती, या अंगाने. राज्य वर्तमानपत्राकडे आरसा म्हणून पाहत होते. आरशात स्वतःच्या मागे उभा असलेला दुसरा कोणी दिसला तर तो ओघाने.

कायद्याची जन्मकथाही याच वळणाची आहे. दोन वर्गांत शत्रुत्व वाढवण्याच्या गुन्ह्याचे १५३-अ हे कलम भारतीय दंड संहितेत आले ते १८९८ साली, म्हणजे लोकमान्यांवरील राजद्रोहाच्या पहिल्या खटल्याच्या दुसऱ्या वर्षी, आणि ज्या अधिनियमाने राजद्रोहाचे कलम अधिक कडक केले त्याच अधिनियमाने. धार्मिक भावना दुखावण्याचे २९५-अ कलम १९२७ चे. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि हीच कलमे अनुक्रमे १९६ व २९९ झाली. क्रमांक बदलले. एक गोष्ट मात्र राहिली. शासनाच्या पूर्वमंजुरीवाचून न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९६ व्या कलमात होते, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या २१७ व्या कलमात आहे. ऊठसूट कोणी कोणावर खटले भरू नयेत हा तरतुदीचा हेतू रास्त आहे. परंतु मंजुरी द्यायची की नाही हे एका फाईलवर ठरते, आणि फायलीला वारा कोणत्या दिशेचा आहे ते कळते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दुर्दैवाने आपल्या भाषेतील आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना एका मराठी दैनिकाने लिहिलेल्या अग्रलेखांबद्दल खटला भरण्याची मंजुरी शासनाने द्यावी, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. याचिकाकर्त्यांपैकी एक होते जे. बी. डिसूझा, महाराष्ट्राचे माजी मुख्य सचिव. ज्या मंत्रालयात आयुष्यभर मंजुरीच्या फायली पाहिल्या, त्याच मंत्रालयाने एका फाईलवर सही करावी म्हणून निवृत्त मुख्य सचिवाला न्यायालयात जावे लागले, ही गोष्ट माझ्यासारख्या नोकरशहाला विसरता येत नाही. उच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ती याचिका फेटाळली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला. त्यात मराठी वृत्तपत्रांतील चिथावणीखोर लिखाणाची नोंद आहे. तोवर वर्तमानपत्राची रद्दी झालेली होती.

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी वाचक या गोष्टी किंचित अंतरावरून वाचतो. मी स्वतः जवळजवळ अठ्ठावीस वर्षे परप्रांतीय आहे. हा शब्द मी मुद्दाम वापरत आहे, कारण सुटीत पुण्याला गेलो की तेथील वर्तमानपत्रांत गुन्ह्याच्या बातमीत 'परप्रांतीय' हे विशेषण मला अडखळवते. ज्या हिंदी प्रदेशात माझी मुले शिकली तेथील एखादा तरुण पुण्यात चोरी करताना सापडला तर तो परप्रांतीय चोर. सोलापूरच्या माणसाने तीच चोरी केली तर नुसता चोर. अशीच कथा पारधी समाजाची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या जमाती विमुक्त झाल्या, पण बातमीच्या मथळ्यातून त्यांची सुटका अद्याप झालेली नाही.

येथे माझी अर्थशास्त्राची पदवी थोडी उपयोगी पडली. अंश सांगितला की छेद विचारावा, एवढे तरी त्या विषयाने शिकवले. पुढील नेमणुकांत मी खासगी वहीत एक नोंद ठेवू लागलो. द्वेषयुक्त मजकूर शोधायचा म्हणून शिव्या शोधणे व्यर्थ आहे. शिव्या छापण्याइतके संपादक भोळे नसतात. त्याऐवजी महिन्याभरातील गुन्ह्याच्या सर्व बातम्या घ्याव्यात आणि पाहावे की आरोपीची जात, धर्म वा प्रांत किती ठिकाणी सांगितला आहे, आणि तो कोणाचा सांगितला आहे. सर्वांचाच सांगत असतील तर ती एक पद्धत झाली. ठरावीक लोकांचाच सांगत असतील तर ते निराळे. मग क्रियापदे पाहावीत. 'समजते', 'बोलले जाते', 'चर्चा आहे' यांच्या मागे कर्ता आहे का? आणि आरोप खोटा निघाल्यावर ती बातमी कोणत्या पानावर, किती ओळींत आली? चाचांच्या प्रकरणात त्या जिल्ह्यात एकही मूल पळवले गेल्याची नोंद नव्हती, आणि हे त्या दैनिकाने कधीही छापले नाही. ही माझी नोंद कोणा शास्त्रज्ञाला मान्य होणार नाही, आणि सरकारी सही तिच्यावर कधीच नव्हती.

न्यायालये अशा मजकुराचे मोजमाप कसे करतात, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. १९४६ साली नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक कसोटी सांगितली. मजकुराचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसावर काय होईल ते पाहावे, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनावर नव्हे. 'तमस' मालिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच उचलून धरली. विचारस्वातंत्र्याच्या दृष्टीने ही कसोटी मोलाची आहे. ती नसती तर अर्धे मराठी साहित्य आज कोणाच्या ना कोणाच्या भावना दुखावल्याबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात असते. माझी अडचण निराळी आहे. स्थानिक दैनिक एकटा समंजस माणूस आरामखुर्चीत बसून वाचत नाही. ते चहाच्या टपरीवर, पारावर, दहा जणांत एक जण मोठ्याने वाचतो. वाचणारा मध्येच स्वतःचा एखादा शब्द घालतो. ऐकणाऱ्यांत एक जण मोटारसायकल काढतो. त्या पारावर खंबीर मनाचा मनुष्य असेलही, पण मोटारसायकल त्याची नसते.

मग सरकारने कडक पहारा बसवावा काय? माझे मत नाही असे आहे. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा आणि १९७५ ची सेन्सॉरशिप, दोन्ही वेळा पहारेकऱ्याने स्वतःचीच राखण केली. ज्या खात्याला अनुकूल-प्रतिकूल याखेरीज तिसरी दृष्टी नाही, त्याच्या हाती मजकूर थांबवण्याचा अधिकार आला तर पहिला बळी टीकाकार पडेल आणि फेरीवाला रस्त्यावर तसाच राहील. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्ली, उत्तर प्रदेश व उत्तराखंड यांना आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितले की द्वेषमूलक वक्तव्यावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. आदेश चांगला आहे, पण तो ठाण्यापर्यंत पोहोचतो. मंजुरीची फाईल ठाण्याच्या पुढे असते.

मला त्याहून किरकोळ गोष्ट उपयोगाची वाटते, ती म्हणजे उघड नोंद. एडिटर्स गिल्डने २००२ मध्ये गुजरातेत सत्यशोधन पथक पाठवले होते. बी. जी. वर्गीज, दिलीप पाडगावकर आणि आकार पटेल असे तिघे होते. त्यांच्या हाती ना दंड होता ना मंजुरी. त्यांनी कोणत्या दैनिकाने काय छापले ते पाहिले, संपादकांना व अधिकाऱ्यांना भेटून प्रश्न विचारले आणि लिहून ठेवले. ते लिखाण आजही काढून वाचता येते. माझी तटस्थांची फाईल मात्र पाठकोऱ्या कागदांत गेली.

चाचांना सौ.ने त्या वर्षी नव्या धनुष्यासाठी पैसे देऊ केले. त्यांनी ते उसने म्हणून घेतले आणि आमच्याच पडवीत बसून, उजव्या हाताने जमेल तेवढे काम करून फेडले. जूनमध्ये माझी बदली झाली.

आता माझ्या कार्यालयात कात्री आणि डिंक नाहीत. भिंतीवर पडदा आहे, देशभरातील बातम्या आपोआप त्यावर उतरतात आणि रंगाने वर्गीकृत होतात. हिरवा, लाल व करडा. रंग कोणाच्या संदर्भात, हा प्रश्न मी आता विचारत नाही. मात्र रोज सकाळी अर्धा तास मी करड्या यादीत घालवतो. गेल्या महिन्यात लातूरकडचा एक तरुण अधिकारी, सेवेत येऊन वर्षही झालेले नाही, एका हिंदी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीतील बातमी घेऊन आला. कापड विकणाऱ्या फेरीवाल्यांविषयीची होती. ''सर, ह्याच्यात आपलं काही नाही, पण वाचून बरं वाटेना,'' तो म्हणाला. मी त्याला बसवून घेतले, दार लोटले आणि आधी त्या जिल्ह्याच्या कलेक्टरांचा फोन लावायला सांगितला. नंतर संपादकांना पत्राचा मसुदा, आणि कॅलेंडरवर छापल्या तारखेपासून दोन महिन्यांनंतरच्या दिवसाभोवती लाल पेन्सिलीने खूण.